अर्धी सत्ता, पूर्ण जबाबदारी : एडविन माँटेग्यू यांची कारकीर्द

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाच्या वहीत ‘माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, १९१९’ असे एक पान असतेच. राखीव खाती कोणती, सोपीव खाती कोणती, द्विदल राज्यपद्धतीचे दोष कोणते, असे आठ-दहा मुद्दे पाठ केले की ते पान उलटले जाते. मीही ते तसेच उलटले होते. पुढे नोकरीत रुजू झाल्यावर, महाराष्ट्रापासून बऱ्याच दूरच्या एका जिल्ह्यात, एका आढावा बैठकीत त्या पानाची अचानक आठवण झाली. शाळांमधील मुलांच्या गळतीबद्दल माझ्याकडे खुलासा मागितला जात होता. शिक्षकांच्या नेमणुका, शाळांच्या इमारती आणि त्यांसाठी लागणारा पैसा या तीन गोष्टी तीन निरनिराळ्या कार्यालयांच्या हाती होत्या आणि त्यांपैकी एकही कार्यालय माझ्या अखत्यारीत नव्हते. त्या बैठकीचा १९१९ शी थेट संबंध होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु जबाबदारी एकाची आणि अधिकार दुसऱ्याचा, या दुखण्याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा आणि सर्वांत जाणीवपूर्वक केलेला प्रयोग कोणता, तर तो द्विदल राज्यपद्धतीचा, हे त्या दिवशी उमगले. त्या प्रयोगाच्या कर्त्याचे चरित्र मग कुतूहलाने वाचले. प्रश्नपत्रिकेत ज्याचे केवळ नाव उरले आहे, त्या माणसाची कारकीर्द प्रशासनात काम करणाऱ्याने समजून घ्यावी अशी आहे. म्हणून हा लेख.

एडविन सॅम्युअल माँटेग्यू यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८७९ रोजी लंडन येथे झाला. वडील सॅम्युअल माँटेग्यू हे धनाढ्य बँकर, उदारमतवादी पक्षाचे खासदार आणि धर्माने कडवे सनातनी ज्यू. पुढे ते लॉर्ड स्वेदलिंग झाले. मुलाचे मन धर्माचारात रमले नाही आणि बँकेतही रमले नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात शिकताना त्यांनी वक्तृत्वात नाव कमावले व १९०२ साली ते तेथील विद्यार्थी युनियनचे अध्यक्ष झाले. १९०६ च्या निवडणुकीत केंब्रिजशायरमधील चेस्टरटन मतदारसंघातून ते कॉमन्स सभागृहात निवडून आले. त्या वेळी त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. अर्थमंत्री अ‍ॅस्क्विथ यांनी त्यांना आपले संसदीय खाजगी सचिव नेमले. १९०८ मध्ये अ‍ॅस्क्विथ पंतप्रधान झाले, तरी ही जागा माँटेग्यूंकडेच राहिली. कागद कसा फिरतो, निर्णय प्रत्यक्षात कोठे होतो आणि तो जाहीर कोठे होतो, याचे शिक्षण त्यांना येथे मिळाले.

१९१० मध्ये ते भारत खात्याचे उपमंत्री झाले. भारतमंत्री हे लॉर्ड्स सभागृहाचे सदस्य असल्यामुळे कॉमन्समध्ये हिंदुस्थानची बाजू मांडण्याचे व हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकावर भाषण करण्याचे काम या तरुण उपमंत्र्याकडे आले. भारतमंत्र्याचा पगार त्या काळी हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात असे. त्यामुळे इतर मंत्र्यांच्या पगारावर चर्चा करून संसद जसा त्यांच्या कारभाराचा जाब विचारू शके, तशी सोय या खात्याबाबत नव्हती. वर्षातून एकदा होणाऱ्या या चर्चेला बाके रिकामी असत. १९१२-१३ च्या हिवाळ्यात माँटेग्यू स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले. बहुतेक उपमंत्र्यांनी हा देश फायलींतूनच पाहिलेला असे.

१९१४ ते १९१६ या काळात त्यांनी ट्रेझरीचे अर्थसचिवपद, डची ऑफ लँकेस्टरचे चॅन्सेलरपद आणि युद्धसाहित्य मंत्रिपद अशी पदे सांभाळली. डिसेंबर १९१६ मध्ये अ‍ॅस्क्विथ यांचे मंत्रिमंडळ पडले आणि लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले. अ‍ॅस्क्विथ यांचा माणूस म्हणून ओळखले जाणारे माँटेग्यू बाहेर राहिले. त्यांना पुन्हा आत आणले ते मेसोपोटेमियातील एका पराभवाने.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, मोहीम सुरुवातीला हिंदुस्थान सरकारकडे सोपवलेली होती. बगदादच्या दिशेने नको तितकी पुढे गेलेली सहावी, म्हणजेच ‘पूना’, डिव्हिजन कूट येथे वेढली गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांनी तुर्कांपुढे शरणागती पत्करली. त्यांत हिंदी सैनिक बहुसंख्य होते आणि मराठा पलटणींचे जवानही होते. जखमींची झालेली हेळसांड तर भयानक होती. चौकशी आयोगाचा अहवाल १९१७ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने हिंदुस्थान सरकारच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांचा वैयक्तिक दोष फारसा नव्हता, तरी खाते आपले आहे एवढ्या कारणावरून त्यांनी राजीनामा दिला.

या अहवालावरील चर्चेत १२ जुलै १९१७ रोजी माँटेग्यू साधे खासदार म्हणून बोलले. त्यांनी एका सेनापतीला किंवा एका व्हाइसरॉयला दोषी ठरवण्यात वेळ दवडला नाही. हिंदुस्थान सरकारचे यंत्रच अति लाकडी, अति लोखंडी, कोणत्याही दिशेला न वाकणारे आणि प्रलयपूर्व काळातले आहे, आधुनिक काळाच्या कामाचे ते राहिलेले नाही, असे त्यांनी सांगितले. पाचच दिवसांनी लॉइड जॉर्ज यांनी त्यांना भारतमंत्री नेमले. ज्या यंत्रावर टीका केली तेच यंत्र हाती आले. टीकाकाराला अशी संधी क्वचितच मिळते, आणि मिळाली की त्याची झोप उडते.

२० ऑगस्ट १९१७ रोजी माँटेग्यूंनी कॉमन्समध्ये ती प्रसिद्ध घोषणा केली. कारभाराच्या प्रत्येक शाखेत हिंदी लोकांना वाढता सहभाग देणे आणि स्वशासनाच्या संस्थांचा क्रमाक्रमाने विकास करून साम्राज्यांतर्गत हिंदुस्थानात जबाबदार राज्यपद्धती प्रस्थापित करणे, हे ब्रिटिश सरकारचे धोरण राहील, असा तिचा आशय होता. यातला ‘जबाबदार राज्यपद्धती’ हा शब्द माँटेग्यूंचा नव्हता. तो घातला लॉर्ड कर्झन यांनी. मूळ मसुद्यातील ‘स्वराज्य’ या अर्थाचा शब्द कर्झन यांना फार पुढचा वाटला, म्हणून त्यांनी तो बदलला. पण घटनाशास्त्राच्या दृष्टीने कर्झनकृत शब्दच अधिक दूरगामी निघाला. जबाबदार राज्यपद्धती म्हणजे कार्यकारी मंडळाने निवडून आलेल्या विधिमंडळाला जाब देणे. मसुद्यात एक शब्द सावधगिरीने बदलावा आणि त्यातून मूळच्यापेक्षा मोठे वचन दिले जावे, हा अनुभव शासकीय निर्णयांचे मसुदे करणाऱ्या आपल्यासारख्यांना अपरिचित नाही.

याच दिवसांत माँटेग्यूंनी आणखी एक लढाई लढली. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय वसतिस्थान निर्माण करण्याच्या प्रस्तावाला मंत्रिमंडळातील या एकमेव ज्यू मंत्र्याने २३ ऑगस्ट १९१७ च्या टिपणात कडाडून विरोध केला. ज्यू हा धर्म आहे, राष्ट्र नव्हे, आणि असे वसतिस्थान जाहीर झाले की प्रत्येक देशातल्या ज्यूला ‘तू परका’ असे सांगायला लोक मोकळे होतील, ही त्यांची भीती होती. २ नोव्हेंबर रोजी बाल्फोर जाहीरनामा निघाला. इतर देशांतील ज्यूंच्या हक्कांना व पॅलेस्टाइनमधील ज्यूेतर समाजांच्या नागरी व धार्मिक हक्कांना बाध येणार नाही, अशी जी पुस्ती त्यात आहे, तिच्यामागे त्यांच्या विरोधाचा वाटा होता. जाहीरनामा निघाला तेव्हा ते हिंदुस्थानच्या वाटेवर होते.

अधिकारावर असलेल्या भारतमंत्र्याने हिंदुस्थानात येऊन महिनोन्महिने राहावे, हे पूर्वी कधी घडले नव्हते. नोव्हेंबर १९१७ मध्ये ते मुंबईस उतरले आणि एप्रिल १९१८ पर्यंत दिल्ली, कलकत्ता, मद्रास, मुंबई असा त्यांचा प्रवास चालू होता. सोबत बंगालचा प्रदीर्घ अनुभव असलेले सर विल्यम ड्यूक, भूपेंद्रनाथ बसू, लॉर्ड डोनमोर, चार्ल्स रॉबर्ट्स अशी मंडळी होती. शिष्टमंडळांची रांग संपत नसे. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांनी लखनौ करारावर आधारलेली संयुक्त योजना पुढे ठेवली. जमीनदार, संस्थानिक, युरोपीय व्यापारी, ब्राह्मणेतर अशा सर्वांची निवेदने आली. या दौऱ्याची रोजनिशी माँटेग्यू लिहून घेत आणि इंग्लंडला पाठवत. त्यांच्या मृत्यूनंतर १९३० मध्ये त्यांच्या पत्नीने ती प्रसिद्ध केली. टिळकांचा प्रभाव देशात बहुधा सर्वांत मोठा आहे, असे तीत त्यांनी नोंदवले आहे. जिना यांच्याशी वाद घालताना व्हाइसरॉय चेम्सफर्ड कसे गोंधळले आणि अशा कर्तबगार माणसाला स्वतःच्या देशाचा कारभार करण्याची संधी नसावी हा केवढा अन्याय, हेही लिहिले आहे. गांधींचा साधा वेश व निरिच्छ वृत्ती पाहून ते चकित झाले. अ‍ॅनी बेझंट यांच्या स्थानबद्धतेबद्दल त्यांनी एका पौराणिक कथेचा आधार घेऊन मार्मिक शेरा मारला आहे. शिवाने पत्नीचे ५२ तुकडे केले आणि पाहतो तो ५२ पत्नी झालेल्या. बेझंटबाईंना बंदीत टाकणाऱ्या हिंदुस्थान सरकारचे असेच होते. शक्तिपीठांची मूळ कथा वेगळी आहे, पण प्रशासकीय निष्कर्ष बिनचूक आहे.

रोजनिशीत वैताग पानोपानी दिसतो. प्रत्येक सूचनेवर वरिष्ठ अधिकाऱ्यांचे आक्षेप तयार असत, चेम्सफर्ड सज्जन पण स्वतःचे मत नसलेले, आणि वेळ थोडा. मन रमवायला पक्षिनिरीक्षण आणि शिकार, एवढाच विरंगुळा. तरीही २२ एप्रिल १९१८ रोजी सिमल्याला अहवालावर दोघांच्या सह्या झाल्या आणि जुलैमध्ये तो प्रसिद्ध झाला.

अहवालाने सुचवलेली आणि १९१९ च्या कायद्याने प्रत्यक्षात आणलेली रचना थोडक्यात अशी. केंद्राचे विषय वेगळे आणि प्रांतांचे वेगळे करावेत. प्रांतांच्या विषयांचे पुन्हा दोन भाग करावेत. पोलीस, न्याय, जमीन महसूल, पाटबंधारे, अर्थ ही खाती राखीव. ती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहतील आणि त्याबाबत प्रांतिक कायदेमंडळाला उत्तर देण्याचे बंधन नाही. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, सहकार, अबकारी, बांधकाम ही खाती सोपीव. ती निवडून आलेल्या हिंदी मंत्र्यांकडे. ‘द्विदल’ कल्पनेचा प्रसार प्रामुख्याने लायोनेल कर्टिस या विचारवंताने केला होता. एकदम सर्व सत्ता द्यायची नाही, पण जी द्यायची ती खरीखुरी द्यायची, असा तिच्यामागचा विचार होता. कागदावर तो निर्दोष दिसतो.

टिळकांनी ‘केसरी’तून विचारले, उजाडले, पण सूर्य कोठे आहे? १९१९ मध्ये विलायतेत असताना त्यांनी संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्षही दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमृतसर काँग्रेसच्या वेळी त्यांनी ‘प्रतियोगी सहकारिता’ हे सूत्र मांडले. जेवढे मिळाले तेवढे वापरू, उरलेल्यासाठी झगडू, आणि सरकार जितके सहकार्य करील तितकेच आपण करू. मताधिकाराच्या चौकशीसाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे जानेवारी १९१९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली आणि अस्पृश्य समाजाच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाचा प्रश्न प्रथमच सरकारी दप्तरात ठामपणे नोंदवला गेला.

पण अहवाल आणि कायदा यांच्या मधल्या काळात पंजाब घडले. रौलट कायद्याला माँटेग्यूंनी मनाविरुद्ध मान्यता दिली. त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल, कारण एका हाताने वचन आणि दुसऱ्या हाताने दडपशाही, असा अर्थ लोकांनी घेतला आणि तो चुकीचा नव्हता. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरने गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली. लोकांच्या मते संख्या याहून पुष्कळ जास्त होती. माँटेग्यूंनी हंटर समिती नेमवली. मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड तिचे एक सदस्य होते आणि डायरची सेटलवाडांनी घेतलेली उलटतपासणी आजही वाचनीय आहे. जमाव पांगवण्यापुरता नव्हे, तर साऱ्या पंजाबवर परिणाम व्हावा म्हणून आपण गोळ्या झाडत राहिलो, हे डायरच्याच तोंडून बाहेर आले.

८ जुलै १९२० रोजी कॉमन्समध्ये यावर चर्चा झाली. माँटेग्यूंनी सभागृहाला सरळ प्रश्न विचारला. हिंदुस्थानवरची पकड दहशत, वांशिक मानहानी आणि दडपण यांच्या जोरावर टिकवायची आहे, की तेथील जनतेच्या वाढत्या सद्भावनेवर? भाषण तापट झाले. हुजूर पक्षाच्या बाकांवरून गोंगाट उठला आणि वक्त्याच्या ज्यू असण्याचा राग त्यात लपून राहिला नाही. वातावरण सावरले ते युद्धमंत्री चर्चिल यांच्या भाषणाने. कार्सन यांचा सरकारविरोधी ठराव १२९ विरुद्ध २३० मतांनी फेटाळला गेला. पण पुढे लॉर्ड्स सभागृहाने १२९ विरुद्ध ८६ मतांनी डायरची पाठराखण केली. माँटेग्यू मतदानात जिंकले, तरी हुजूर पक्षाच्या मनातून कायमचे उतरले. आणि त्या पक्षाच्या पाठिंब्यावरच लॉइड जॉर्ज यांचे सरकार उभे होते.

कायद्याला २३ डिसेंबर १९१९ रोजी राजाची संमती मिळाली. लॉर्ड्समध्ये विधेयक पुढे नेण्याचे काम लॉर्ड सत्येंद्र प्रसन्न सिन्हा यांनी केले. ब्रिटिश सरकारात मंत्रिपद मिळालेले ते पहिले हिंदी, आणि त्यांना उपभारतमंत्री म्हणून आणले होते माँटेग्यूंनीच. भारतमंत्र्याचा पगार आता ब्रिटिश तिजोरीतून निघू लागला. दहा वर्षांपूर्वीच्या रिकाम्या बाकांची आठवण त्यामागे असेल असे मानायला जागा आहे.

प्रयोग प्रांतांत कसा चालला? मद्रासचे मंत्री के. व्ही. रेड्डी यांनी १९२४ च्या मुडिमन समितीपुढे जी व्यथा मांडली, ती प्रसिद्ध आहे. आपण विकास खात्याचे मंत्री, पण जंगले आपल्याकडे नाहीत. शेतीचे मंत्री, पण पाटबंधारे नाहीत. उद्योगाचे मंत्री, पण कारखाने, वीज, खाणी, कामगार यांतले काहीच नाही. अर्थखाते राखीव असल्यामुळे प्रत्येक रुपयासाठी दुसऱ्या दाराशी उभे राहावे लागे. त्यातच प्रांतांनी केंद्राला दरसाल ९ कोटी ८३ लाख रुपये द्यावेत असा मेस्टन निवाडा झालेला. मंत्र्याच्या हाताखालचा आयसीएस सचिव मंत्र्याचा निर्णय न पटल्यास थेट गव्हर्नरकडे जाऊ शके, आणि त्या सचिवाच्या नोकरीच्या शर्ती लंडनहून ठरत. ज्याच्या गोपनीय अहवालावर आपला अधिकार नाही अशा माणसाकडून काम करून घेणे म्हणजे काय, हे सांगायला नकोच.

मराठी मुलुखात या प्रयोगाची दोन टोके दिसतात. मुंबई प्रांतात रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री झाले आणि १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्यांना खुली असावीत असे ठरले. महाड नगरपालिकेने तो स्वीकारला, पण तळ्यावर पाणी भरू दिले जाईना. १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यातून उभा राहिला. अर्ध्या सत्तेच्या कायदेमंडळातूनही एक ठराव किती दूर जाऊ शकतो आणि अंमलबजावणीवाचून तो किती लुळा राहतो, हे एकाच उदाहरणात दिसते. दुसरे टोक नागपूरला. मध्यप्रांतात १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. त्यांनी मंत्रिपदे नाकारली आणि १९२४ मध्ये मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला. सोपीव खाती गव्हर्नरला परत घ्यावी लागली. आज भोपाळ, जबलपूर किंवा रायपूरला राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या भागाच्या जुन्या इतिहासातले हे पान अवश्य पाहावे.

हे सारे घडले तेव्हा माँटेग्यू पदावर नव्हते. त्यांची पदच्युती मोठी चमत्कारिक आहे. युद्धानंतर तुर्कस्तानवर लादलेल्या सेव्हरच्या तहामुळे हिंदी मुसलमानांत तीव्र असंतोष होता आणि खिलाफत चळवळीने सारा देश ढवळून काढला होता. मार्च १९२२ च्या आरंभी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांची तार आली. तह बदलावा, कॉन्स्टँटिनोपल रिकामे करावे, पवित्र स्थळांवर सुलतानाचे अधिराज्य मानावे, थ्रेस व स्मर्ना तुर्कांना परत द्यावेत, ही हिंदुस्थान सरकारची मागणी जाहीर करण्याची परवानगी त्यांनी मागितली. माँटेग्यूंनी मंत्रिमंडळाला न विचारता ती दिली. परराष्ट्रमंत्री कर्झन त्याच प्रश्नावरच्या वाटाघाटींची तयारी करत होते. ते संतापले. लॉइड जॉर्ज यांनी सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वाचा भंग झाल्याचे सांगितले आणि ९ मार्च १९२२ रोजी माँटेग्यूंचा राजीनामा घेतला. दुसऱ्याच दिवशी हिंदुस्थानात गांधींना अटक झाली.

हिंदुस्थानात जबाबदार राज्यपद्धतीचे बीज लावणारा मंत्री, त्या पद्धतीचा पहिला नियम मोडल्याबद्दल पदावरून गेला. मंत्रिमंडळ एकमुखाने बोलते. मतभेद असेल तर आत मांडावा, बाहेर मांडायचा असेल तर आधी राजीनामा द्यावा. चेंबरलेन यांनी १९१७ मध्ये काय केले होते, हे त्यांच्या जागी बसलेल्या माणसाने विसरू नये असे कुणीही म्हणेल. माँटेग्यूंनी केंब्रिजच्या भाषणात उत्तर दिले की, लॉइड जॉर्ज यांच्या एकतंत्री कारभारात सामूहिक जबाबदारी उरलीच कोठे आहे? त्यात तथ्य होते, पण ते समर्थन नव्हते. इतरांनी नियम मोडला म्हणून आपण मोडावा, हा युक्तिवाद खात्याअंतर्गत चौकशीतही टिकत नाही.

तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. हिंदुस्थान सरकारलाही स्वतःचे मत असू शकते आणि ते तेथील जनतेच्या भावनेला धरून जगापुढे मांडले गेले पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटत होते. त्यांची निष्ठा दोन ठिकाणी विभागली गेली होती. एका परीने त्यांचे स्वतःचे मंत्रिपदच द्विदल होते : अधिकार लंडनच्या मंत्रिमंडळाकडून आलेला आणि जबाबदारी मनाने हिंदुस्थानशी बांधलेली. पुढे जुलै १९२३ मध्ये लोझानचा तह झाला, आणि कॉन्स्टँटिनोपल, पूर्व थ्रेस व स्मर्ना तुर्कस्तानकडेच राहिले. रीडिंग यांच्या तारेतले हे म्हणणे दीड वर्षाच्या आत खुद्द कर्झन यांच्या परराष्ट्र खात्याला मान्य करावे लागले. मत बरोबर होते, पद्धत चुकली. सरकारी नोकरीत पद्धत चुकलेल्या बरोबर मताला फारसे संरक्षण नसते.

१५ नोव्हेंबर १९२२ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. त्यानंतर ब्राझीलच्या आर्थिक स्थितीची पाहणी करणाऱ्या एका मंडळाचे नेतृत्व त्यांनी केले. १५ नोव्हेंबर १९२४ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

द्विदल पद्धती १९३५ च्या कायद्याने प्रांतांतून गेली आणि तिच्याबद्दल कुणाला हळहळ वाटली नाही. परंतु १९१९ च्या कायद्यातले काही आपण आजही वापरतो. केंद्राचे विषय आणि प्रांतांचे विषय यांच्या तेव्हाच्या याद्यांत आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीचा पूर्वज दिसतो. लोकलेखा समिती १९२१ पासूनची. लोकसेवा आयोगाची तरतूद त्याच कायद्यात झाली आणि १ ऑक्टोबर १९२६ रोजी पहिला आयोग अस्तित्वात आला. आयसीएसमध्ये एक तृतीयांश भरती हिंदुस्थानात व्हावी, ही शिफारस माँटफर्ड अहवालाची. त्यातून १९२२ मध्ये अलाहाबादला ही परीक्षा प्रथमच भारतभूमीवर झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉइड जॉर्ज यांनी आयसीएसला पोलादी चौकट म्हणून गौरवले. पाच वर्षांपूर्वी माँटेग्यूंनी याच यंत्राला अति लोखंडी म्हटले होते. एकाला जे बळ वाटले, तेच दुसऱ्याला दुखणे वाटले. आपण सेवेत आलो की पहिले वाक्य आपल्याला कौतुकाने ऐकवले जाते. दुसरे कुणी ऐकवत नाही.

त्या आढावा बैठकीनंतर मी एवढेच केले की, तिन्ही कार्यालयांच्या प्रमुखांना एका टेबलाशी बसवून कोणते काम कुणाचे हे एका कागदावर लिहून घेतले आणि त्यावर तिघांच्या सह्या घेतल्या. गळती एकदम थांबली नाही. पण पुढच्या बैठकीत खुलासा देताना माझ्यासोबत ते तिघेही उभे होते. माँटेग्यूंच्या वाट्याला असा कागद आला नाही. त्यांनी तयार केलेल्या याद्यांत खाती वाटली गेली, माणसे मात्र एकमेकांना बांधली गेली नाहीत. पुढच्या वेळी कुणा परीक्षार्थ्याने ते पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि आपण ज्या परीक्षेला बसतो आहोत तिचे केंद्र या देशात यावे म्हणून शिफारस करणाऱ्या दोन सह्यांपैकी एक या माणसाची होती, हे लक्षात घ्यावे.